सायकलच्या सोबत्याला गुठळी झाली तर...

रविवारची पहाट. बेंगळुरूच्या उत्तरेकडील येलहंकातून बळ्ळारी रस्त्याने सायकलस्वारांचे गट बाहेर पडत असतात. मागे लाल दिवा, डोक्यावर हेल्मेट, पाठीच्या खिशात केळे नाही तर चिक्की. बहुतेकांचे लक्ष्य एकच, ते म्हणजे नंदी हिल्स. १,४७८ मीटर उंचीचा हा डोंगर बेंगळुरूपासून साठेक किलोमीटरवर आहे आणि येलहंका त्या वाटेवरच असल्याने इथल्या माणसाला तेवढेच अंतर कमी पडते. १५३७ मध्ये बेंगळुरू वसवणारे पहिले केंपेगौडा हे इथले नाडप्रभू. बाहेरच्यांना मात्र येलहंका माहीत असते ते हवाई दलाच्या तळामुळे आणि तिथे भरणाऱ्या विमानांच्या प्रदर्शनामुळे. नोकरीनिमित्त बेंगळुरूत स्थायिक झालेली मराठी घरे पुष्कळ आहेत. त्यामुळे हा लेख वाचणाऱ्या कुणाचा भाऊ, जावई किंवा मुलगी त्या लाल दिव्यांच्या रांगेत असेलही.

आता समजा, या गटातल्या चाळिशीच्या एखाद्या माणसाची पोटरी सोमवारी दुखू लागली. त्याला काय वाटेल? काल चढ जरा जास्त झाला, दुसरे काय! सोबती हेच म्हणतील, घरचेही हेच म्हणतील. गरम पाण्याची पिशवी येईल, तेल येईल, एखादी वेदनाशामक गोळी घेतली जाईल. दहापैकी नऊ वेळा नव्हे, त्याहूनही अधिक वेळा हे घरगुती निदान बरोबरच निघते. पण क्वचित कधी ते चुकते, आणि तेव्हा फार महागात पडते. कारण पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असते.

दुसरे हृदय

पायातले रक्त हृदयाकडे परत जायचे तर त्याला चढ चढावा लागतो. हे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना, पॅडल मारताना ते आवळले जातात आणि शिरांमधले रक्त वर ढकलतात. म्हणूनच पोटरीला शरीराचे दुसरे हृदय म्हणतात. हा पंप तासन्‌तास बंद राहिला की खोलवरच्या शिरांमध्ये रक्त साकळू शकते. डॉक्टर या विकाराला 'डीप व्हेन थ्रॉम्बोसिस' म्हणतात. गुठळी आहे तिथेच राहिली तर पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो. तिचा तुकडा सुटून रक्ताबरोबर वाहत गेला तर तो हृदयातून थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. यालाच 'पल्मनरी एम्बोलिझम' म्हणतात. अडकलेला तुकडा मोठा असेल तर माणूस काही मिनिटांतही दगावू शकतो.

गुठळी का होते, याची तीन मुख्य कारणे वैद्यकशास्त्र सांगते. रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. या तिन्हींची सांगड एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ व्हिर्शो यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचा जन्मदिवस १३ ऑक्टोबर हा २०१४ पासून जागतिक थ्रॉम्बोसिस दिन म्हणून पाळला जातो.

एका जागी बसून राहण्याचा धोका किती खरा आहे, हे १९४० मध्येच दिसले होते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक रात्रीच्या रात्री निवाऱ्यांमध्ये आरामखुर्च्यांवर बसून काढत. त्यांच्यापैकी काहींचा मृत्यू बॉम्बने नव्हे, तर फुप्फुसातल्या गुठळीने झाल्याचे कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. खुर्चीची कड मांडीखाली रुतून शिरा दाबल्या जात होत्या. पुढे विमानप्रवासाबाबत हेच बोलले जाऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास गुठळीचा धोका सुमारे दुप्पट होतो. प्रत्यक्षात हा धोका सहा हजारांत एक, म्हणजे लहानच आहे. घाबरून प्रवास सोडण्याचे कारण नाही. पण रात्रभराच्या बसने बेंगळुरूहून पुण्याला जाणाऱ्यांनी मधल्या थांब्यांवर खाली उतरून पाय मोकळे करावेत हे बरे.

सायकलवाल्याला कसे होते?

वाचक विचारतील, रोज पोटरी चालवणाऱ्याला हे दुखणे कसे काय जडते? खरे तर नियमित व्यायामाने धोका कमीच होतो. पण सायकलवाल्याच्या वाट्याला काही वेगळी निमित्ते येतात. पडून हाड मोडते आणि पाय प्लास्टरमध्ये जातो. शस्त्रक्रिया होते. दिवसभर घाम गाळून, पाणी कमी पिऊन तो त्याच संध्याकाळी लांबच्या गाडीत अवघडून बसतो. काहींच्या रक्तात गोठण्याची प्रवृत्ती जन्मतःच अधिक असते आणि पहिली गुठळी होईपर्यंत त्यांना त्याचा पत्ताही नसतो. स्त्रियांच्या बाबतीत गर्भारपण, बाळंतपण आणि काही गर्भनिरोधक गोळ्या ही आणखी निमित्ते.

अमेरिकेच्या क्रिस हॉर्नर या सायकलपटूचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०११ च्या मे महिन्यात त्याने कॅलिफोर्नियाची मोठी शर्यत जिंकली होती. जुलैत तो 'टूर द फ्रान्स'मध्ये उतरला. ८ जुलैला, सातव्या टप्प्यात, तो जोरात पडला. नाक मोडले, डोक्याला मार बसला. तशाही अवस्थेत त्याने टप्पा पूर्ण केला. पण अंतिम रेषा ओलांडल्यावर आपण कुठे आहोत, शर्यत संपली की नाही, हेही त्याला उमगत नव्हते. शर्यत सोडून तो विमानाने मायदेशी परतला आणि पुढे तपासणीत त्याच्या फुप्फुसात गुठळ्या आढळल्या. अपघात, मार, लांबचा प्रवास, अशी सगळीच निमित्ते एकापाठोपाठ एक आली होती. त्याचा तो मोसम तिथेच संपला. पुढल्या वर्षी तो पुन्हा शर्यतीत उतरला आणि २०१३ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याने 'व्हुएल्टा' ही स्पेनची तीन आठवड्यांची शर्यत जिंकली. सायकलिंगच्या तीन सर्वांत मोठ्या शर्यतींपैकी एखादी इतक्या वयात त्याआधी कुणीच जिंकली नव्हती.

ही कथा उमेद देणारी आहे यात शंका नाही. पण आजारी सोबत्याला ती पहिल्याच आठवड्यात ऐकवू नये असे मला वाटते. ज्याला त्या घटकेला बाथरूमपर्यंत जाताना धाप लागते, त्याला स्पेनचा घाट सांगून काय उपयोग? शिवाय हॉर्नरमागे संघाचे डॉक्टर होते. आपल्या माणसामागे असतात ते घरचे लोक आणि रविवारचे चार सोबती.

सोबत्याची साक्ष

या चार सोबत्यांचे पहिले काम इस्पितळातच सुरू होते. सायकलवाल्याचे शरीर डॉक्टरांनाही चकवू शकते. सराव असलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके बसल्या जागी मिनिटाला पन्नासच्या आसपास असतात. तेच नव्वदपर्यंत गेले तरी तपासणाऱ्याला आकडा सर्वसाधारणच वाटतो. अंगात ताकद असल्याने रुग्ण स्वतःच्या पायांनी चालत येतो, नीट बोलतो. अशा वेळी बरोबर आलेल्याने सांगायला हवे की, ‘डॉक्टर, हा गेल्या रविवारी नंदीचा चढ न थांबता चढला आणि आज एका जिन्यावर दोनदा थांबला. याचे ठोके एरवी पन्नास असतात.’ हातातल्या घड्याळात नोंद असेल तर तीही दाखवावी. पंधरा दिवसांपूर्वी तो पडला होता, चौदा तास गाडीत बसून आला होता, हेही सांगावे. रुग्णाला स्वतःला या गोष्टी सांगण्यासारख्या वाटत नाहीत.

रुग्णाचे ऐकले जावे म्हणून केवढा आग्रह धरावा लागतो, हे टेनिसपटू सेरेना विल्यम्सने लिहिले आहे. तिला २०११ मध्ये एकदा फुप्फुसात गुठळी झाली होती. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रियेने बाळंत झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तिला श्वास पुरेना. तिने नर्सला स्पष्ट सांगितले की, मला सीटी स्कॅन आणि रक्त न गोठण्याचे औषध हवे आहे. वेदनाशामकांमुळे ही बरळते आहे, असे नर्सला वाटले. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही निघाले नाही. मग सीटी स्कॅन झाला आणि फुप्फुसात गुठळ्या दिसल्या. जगप्रसिद्ध खेळाडूची ही गत, तर आपल्या माणसाबरोबर कुणी बोलणारे असलेच पाहिजे.

एकाएकी धाप लागणे, श्वास आत घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे, भोवळ येणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाला फोन करावा. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम आणि लालसर झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि तोवर पाय रगडू नये. पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास छातीचा सीटी स्कॅन, यांवरून निदान पक्के होते. रक्ताची डी-डायमर चाचणी तर कोविडच्या दिवसांत घरोघरी ठाऊक झाली आहे.

‘आता बरा दिसतोस!’

खरा कठीण काळ पुढे असतो. चार-सहा दिवसांत रुग्ण घरी येतो. अंगावर टाका नाही, पायाला प्लास्टर नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, ‘छान! आता बरा दिसतोस.’ गटातले लोक विचारतात, ‘मग कधी येतोस?’ खरी गोष्ट अशी की गुठळी अजून आतच असते. औषध तिला विरघळवत नाही. ते नवी गुठळी होऊ देत नाही आणि आहे तिला वाढू देत नाही. जुनी गुठळी शरीर स्वतःच हळूहळू विरघळवते आणि त्याला आठवडे, महिने लागतात. म्हणून औषध साधारणपणे कमीत कमी तीन महिने चालते. काहींना सहा महिने, तर काहींना जन्मभर. ‘रक्त पातळ करणारे औषध’ हा आपला शब्दही जरा फसवाच आहे. रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही, ते गोठायला वेळ लागतो एवढेच.

या औषधांपैकी एकाचा जन्म मोठा गमतीदार आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत कुजका चारा खाऊन गाई रक्तस्रावाने मरू लागल्या. १९३३ च्या हिवाळ्यात एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात पोचला. तिथले रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांनी काही वर्षे खपून त्या चाऱ्यातले द्रव्य शोधून काढले. त्यातूनच पुढे वॉरफरिन तयार झाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांसाठी वापरले जाऊ लागले. एखादा पाहुणा रुग्णासमोर ‘अहो, हे तर उंदराचे औषध!’ म्हणून विद्वत्ता दाखवतो, तेव्हा त्याला ही सगळी हकिगत सांगावी. योग्य मात्रेत याच औषधाने असंख्य माणसे वाचली आहेत.

वॉरफरिन किंवा त्याच जातीचे ॲसिनोकुमारॉल चालू असेल तर रक्ताची आयएनआर चाचणी वरचेवर करावी लागते. गुठळीच्या रुग्णात हा आकडा साधारण २ ते ३ च्या दरम्यान राखतात. इथे स्वयंपाकघराचा संबंध येतो. मेथी, पालक यांसारख्या हिरव्या भाज्यांतले के जीवनसत्त्व या औषधाच्या उलट काम करते. म्हणून भाजी बंद करायची नाही. आठवड्याचे प्रमाण सारखे ठेवायचे. एक आठवडा रोज पालक आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असे नको. रिव्हारॉक्साबॅन, अपिक्साबॅन यांसारख्या नव्या औषधांना ही चाचणी लागत नाही, भाजीचेही बंधन नसते. मात्र त्यांचा असर दिवसभरात उतरतो, त्यामुळे एक गोळी चुकणेही परवडत नाही. गुठळीवर दिली जाणारी रिव्हारॉक्साबॅनची गोळी जेवणाबरोबर घ्यायची असते. घरात चतुर्थी, एकादशीचे उपवास असतील तर त्या दिवशी काय करायचे, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. उपवास म्हणून गोळीही वगळली, असे होऊ नये.

आणि सायकलवाल्यांची एक सवय इथे घातक ठरते. कुणाचे अंग दुखले की दुसरा खिशातून गोळी काढून देतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या गोळ्या रक्त न गोठण्याच्या औषधावर पडल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. शेजारच्या काकूंचा काढा आणि कुणी पाठवलेले चूर्णही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. शौच काळी होणे, लघवीत रक्त दिसणे, नाकातले रक्त न थांबणे, असामान्य डोकेदुखी, या गोष्टी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात.

सोबत्यांनी घरी जावे ते दिवसा, थोडा वेळ, आणि सायकलचा विषय रुग्णाने काढला तरच काढावा. घरच्यांच्या मनात सायकलवर राग असतो. ‘विकून टाका ती एकदाची,’ असे बायको म्हणाली तर वाद घालू नये. ती रात्री त्याचा श्वास मोजत जागी असते. आयएनआरच्या चाचणीला त्याला गाडीने नेऊन आणले, बँकेचे एखादे काम उरकून दिले, तर त्या माउलीला चार तास झोप मिळते. रुग्णाच्या स्वतःच्या मनातही भीती घर करून असते. जरा छातीत टोचले की पुन्हा तेच आले असे वाटते. धडधाकट म्हणून मिरवलेल्या माणसाला ही भीती बोलून दाखवायची लाज वाटते. महिनोन्‌महिने झोप लागत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखे दुखणेच आहे.

पूर्वी अशा रुग्णाला पलंगावरून हलू देत नसत. आता औषध सुरू होऊन प्रकृती स्थिर झाली की बहुतेकांना लवकर चालायला सांगतात. म्हणून पहिले काही आठवडे सोबत करायची ती पायी. येलहंका न्यू टाऊनच्या आतल्या, झाडांच्या रस्त्यांवर संध्याकाळी दोघांनी फिरावे. चालताना त्याला पूर्ण वाक्य बोलता येते का, याकडे न सांगता लक्ष ठेवावे. वाक्य तुटू लागले की बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त करून स्वतःच थांबावे.

पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली की आधी घरातच, स्टँडवर बसवलेली सायकल. तिथे पडण्याची भीती नसते. रस्त्यावर जाताना मात्र सोबत्यांनी कडक व्हावे लागते. औषध चालू असताना साधे पडणेही साधे राहत नाही. डोके आपटले आणि वरून काही दिसत नसले, तरी त्याच वेळी इस्पितळात नेऊन तपासून घ्यायचे. ‘मला काही झालेले नाही’ हे त्याचे म्हणणे ऐकायचे नाही. चाकाला चाक लावून जाणाऱ्या गटात त्याला घेऊ नये. भरधाव गाड्यांचा बळ्ळारी रस्ता तर इतक्यात नकोच. कोणते औषध चालू आहे, डॉक्टरांचा आणि घरचा फोन कोणता, हे लिहिलेले कार्ड त्याच्या खिशात आणि त्याची एक प्रत सोबत्याच्या खिशात असावी. वेग त्याने ठरवायचा, इतरांनी मागे राहायचे. मोबाइलवर रोजचे किलोमीटर आणि क्रमांक दाखवणारी जी ॲप्स असतात, ती त्या काळापुरती दोघांनीही बंद ठेवावीत. एकाच्या पडद्यावर नंदीचा चढ दिसत राहिला तर दुसऱ्याला सपाट रस्ता गोड लागत नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांना भेटायला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. गुठळी कशामुळे झाली, ते कारण गेले की अजून आहे? औषध थांबवायचे की चालू ठेवायचे? पायाची सूज राहिली तर घट्ट मोजे घालायचे का? रक्ताच्या गोठण्याच्या प्रवृत्तीची तपासणी करायची का, घरातल्या इतरांचीही? विमानाने जायचे असेल तर काय काळजी घ्यायची? आणि चढ कधी? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘अजून थोडे थांबा’ असेच येते. तोवर रविवारी सकाळी दोघांनी येलहंकाच्या आतल्या रस्त्यांवर पाच-सात किलोमीटर रमतगमत चालवावी, इडली-वडा खावा, कॉफी घ्यावी आणि गट नंदीवरून परतायच्या आत घरी यावे.